दुपारी स्कोअर का पडतो? घरच्या संगणकातील प्रोसेसरची पारख

प्रश्न : मी कर्वेनगरला राहणारा निवृत्त शिक्षक आहे. गेल्या डिसेंबरात बुधवार पेठेतल्या एका दुकानातून घरासाठी संगणक असेंबल करून घेतला. प्रोसेसर इंटेल कोअर आय३ १२१००, त्याच्याच खोक्यात आलेला कूलर, ८ जीबी रॅमची एक स्टिक आणि ५०० जीबीचा एसएसडी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. सूनबाई घरूनच दोन-तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर ठेवतात, नातू अकरावीत असून प्रोग्रॅमिंग शिकतो आणि मी जुन्या कौटुंबिक व्हिडिओंची नीट मांडणी करीत असतो. संगणक आणला तेव्हा नातवाने सकाळी सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी लावली आणि मल्टिकोअरचा (सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी एकके, एकदम राबवून मिळणारा) स्कोअर ८,३५० आला. एप्रिलमधल्या एका दुपारी तीच चाचणी लावली तर ६,२०० आला. दुकानदार म्हणतात, एवढा फरक चालतोच. आमचे मेहुणे म्हणतात, प्रोसेसर डुप्लिकेट किंवा सदोष आहे आणि मुळात आय५ घ्यायला हवा होता. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये दोष निघाल्याचे त्यांनी वाचले आहे. एरवीही संगणक मध्येमध्ये अडकतो, हे खरे आहे. प्रोसेसर खराब आहे का, घरच्या घरी त्याची खात्रीलायक चाचणी कशी करावी आणि आमच्या कामाला तो पुरेसा आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

दोन्ही वेळचे आकडे आपण महिन्यासह आणि दिवसाच्या वेळेसह कळवलेत, त्यामुळे निदानाचे निम्मे काम आपणच करून ठेवले आहे. माझे मत आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. आपला प्रोसेसर बहुधा अस्सल आहे आणि निर्दोषही आहे. मात्र त्याची उष्णता नीट बाहेर पडत नसावी. त्यामुळे दुकानदारांचे ‘एवढा फरक चालतोच’ हे म्हणणे मला मान्य नाही. आणि संगणक एरवी अडकतो त्याचे कारण प्रोसेसरपेक्षा रॅममध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची चाचणीही वेगवेगळी करावी लागेल.

डुप्लिकेटची शंका सर्वांत आधी दूर करू, कारण तिला फार वेळ लागत नाही. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. तो खुद्द चिपकडूनच तिची ओळख विचारून घेतो, त्यामुळे खोक्यावर किंवा धातूच्या झाकणावर काय छापले आहे यावर अवलंबून राहावे लागत नाही. तिथे कोअर आय३ १२१०० हे नाव, ४ कोअर, ८ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आणि १२ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच झटपट स्मृती) दिसली, तर प्रोसेसर तोच आहे. डिसेंबरातला ८,३५० हा आकडाही त्याचीच साक्ष देतो. या प्रोसेसरचा सिनेबेंच आर२३ मधला मल्टिकोअर स्कोअर साधारण आठ ते साडेआठ हजारांच्या घरात येतो, आणि दोन कोअरच्या एखाद्या पेंटियमवर नाव बदलून तो आणता येत नाही.

मेहुण्यांनी वाचलेली बातमी खरी आहे, पण ती आपल्या प्रोसेसरला लागू नाही. २०२४ साली इंटेलने मान्य केलेला व्होल्टेजसंबंधीचा दोष तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये होता. आपला प्रोसेसर जानेवारी २०२२ मध्ये आलेला, बाराव्या पिढीचा आहे. तरीही मनात किंतु राहू नये म्हणून इंटेलचे प्रोसेसर डायग्नॉस्टिक टूल एकदा चालवून पाहा. ते स्कोअर देत नाही. प्रोसेसरची अंगे एकेक तपासून शेवटी फक्त पास किंवा फेल एवढेच सांगते, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाला नेमके तेवढेच उत्तर हवे आहे. प्रोसेसरमध्ये खराबी असेल तर तिचे स्वरूप सहसा वेगळे असते: संगणक आपोआप रीस्टार्ट होतो, निळा पडदा येतो, प्रोग्रॅम मध्येच बंद पडतात. नुसताच वेग पाव हिस्स्याने कमी होणे आणि बाकी सगळे सुरळीत चालणे हे खराब चिपचे लक्षण नाही.

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तिची जवळजवळ सगळीच उष्णता होते. प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग (सेकंदाला पडणारे ठोके) वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते आणि लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते, म्हणून शेवटच्या थोड्याशा वेगासाठी उष्णता मात्र बरीच मोजावी लागते. आपल्या प्रोसेसरची मूळ विद्युतमर्यादा ६० वॅट आणि टर्बोतली (भार आल्यावर मूळ वेगाच्या वर चालतानाची) ८९ वॅट आहे. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, तर एका कोअरचा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ; सगळे कोअर कामाला लागले की तो चार गिगाहर्ट्झच्या आसपास टिकायला हवा. तापमान १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की चिप स्वतःला जपण्यासाठी वेग उतरवते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. यात काही जळत नाही आणि संगणकही बंद पडत नाही, म्हणून ते महिनोन्महिने चालू राहिले तरी घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

पुण्यात डिसेंबरातल्या सकाळी खोलीत २२ अंश असतील, तर एप्रिलमधल्या दुपारी पंख्याखाली ३४-३५ अंश सहज असतात. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक वॅटचा भार असेल आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहते, म्हणून खोली १२ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तितकाच तापतो. कूलर नीट बसलेला असेल आणि डिसेंबरात पूर्ण भाराखाली प्रोसेसर ७५ अंशांवर असेल, तर एप्रिलमध्ये तो ८७ अंशांवर जाईल. ८७ अंश ऐकायला धडकी भरवणारे वाटले तरी ते १०० च्या आतच आहेत आणि त्यामुळे स्कोअर पडण्याचे कारण नाही. आपला स्कोअर पाव हिस्स्याने पडला, याचा अर्थ डिसेंबरातच प्रोसेसर मर्यादेच्या काठावर चालत असला पाहिजे, किंवा मधल्या काळात कूलरची पकड ढिली झाली असली पाहिजे. उन्हाळा हे निमित्त झाले. म्हणूनच हा फरक चालवून घेण्यासारखा नाही.

अर्थात याआधी एक साधी शक्यता तपासली पाहिजे. सिनेबेंच आर२३ मध्ये चाचणी दोन प्रकारे लावता येते: एकदाच चित्र रंगवून थांबणारी आणि दहा मिनिटे सलग चालणारी. पहिली चाचणी या प्रोसेसरवर दोन-तीन मिनिटांच्या आत संपते, तेवढ्यात कूलर पुरता तापतही नाही. नातवाने डिसेंबरात पहिली आणि एप्रिलमध्ये दुसरी लावली असेल, तर दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते. तशाच प्रकारे सिनेबेंच २०२४ चे आकडे आर२३ च्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. तिचे रेंडरिंग इंजिन वेगळे आहे आणि तिथले स्कोअर शेकड्यांत येतात, हजारांत नव्हे. गीकबेंच ६ लोकप्रिय आहे, पण तिच्या छोट्या छोट्या कसोट्यांमध्ये थांबे असतात आणि त्या थांब्यांत प्रोसेसर निवतो. उष्णतेचा दोष शोधायला ती उपयोगाची नाही.

चाचणीचा दिवस आणि वेळ ठरवून घ्या. भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जात असेल तर तो दिवस टाळा, कारण मध्येच बंद पडलेली दहा मिनिटांची चाचणी पहिल्यापासून करावी लागते आणि एसएसडीवरच्या माहितीलाही ते चांगले नाही. विंडोजचे अपडेट आधी पुरे होऊ द्या. संगणक सुरू केल्यावर पंधरा मिनिटे थांबा, ब्राउझर आणि टॅली बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दोन-तीन टक्क्यांवर स्थिर झाला आहे याची खात्री करा. सेटिंग्जमधला पॉवर मोड कोणता आहे ते लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तोच ठेवा. खोलीचे तापमान भिंतीवरच्या साध्या थर्मामीटरवरून लिहा. त्यानंतर दहा मिनिटांची मल्टिकोअर चाचणी तीनदा लावा आणि तिन्ही आकड्यांमधला मधला आकडा धरा. तीन आकड्यांत एक-दोन टक्क्यांचा फरक स्वाभाविक आहे. तो पाच टक्क्यांच्या पुढे गेला, तर पार्श्वभूमीवर काहीतरी चालू आहे असे समजून तेच आधी शोधा.

ही चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम शेजारी उघडा ठेवा. नुसत्या स्कोअरवरून कारण कळत नाही. ते इथे कळते. सीपीयू पॅकेजचे तापमान, पॅकेज पॉवर म्हणजे वॅट आणि कोअरचा प्रत्यक्ष वेग, या तीन ओळींवर नजर ठेवा. तापमान १०० च्या आसपास जाऊन थर्मल थ्रॉटलिंगपुढे ‘होय’ दिसू लागले आणि वेग तीन-सव्वातीन गिगाहर्ट्झकडे घसरला, तर दोष कूलरचा किंवा हवेचा. तापमान ७० च्या घरात असूनही वॅट एखाद्या ठरावीक आकड्याला चिकटून बसले आणि वेग कमीच राहिला, तर मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) विजेची मर्यादा खाली बांधलेली आहे. स्वस्त बोर्डांवर असे आढळते. आणि तापमान, वॅट, वेग तिन्ही ठीक असूनही स्कोअर कमी आला, तर दुसरा एखादा प्रोग्रॅम प्रोसेसरचा वाटा खात आहे.

आपल्या बाबतीत पहिली स्थिती निघेल असे मला वाटते. तशी निघालीच तर आणखी एक चाचणी करा, तिला काही खर्च नाही. कॅबिनेट संगणकाच्या टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असेल तर बाहेर काढा, त्याचे बाजूचे झाकण उघडा आणि त्याच खोलीत, त्याच तापमानाला पुन्हा दहा मिनिटांची चाचणी लावा. स्कोअर बऱ्यापैकी वर आला, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही एवढाच अर्थ आहे. मागच्या बाजूला बाहेर फेकणारा एक पंखा बसवला आणि कप्प्याचा नाद सोडला की काम भागते. झाकण उघडूनही स्कोअर जिथल्या तिथे राहिला, तर कूलर प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही. इंटेलच्या खोक्यातला कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. चारही खुंट्या बोर्डाच्या आरपार जाऊन अडकल्या पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर किंचित तिरका बसतो, थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाचा) थर एका बाजूला जाड होतो आणि थंडीत हे खपून जाते. घाईत असेंबल केलेल्या संगणकांत हा दोष इतका नेहमीचा आहे, की मी प्रोसेसर बदलण्याची भाषा करण्याआधी प्रत्येकाला खुंट्या पाहायला सांगतो.

हे काम दुकानातच करून घ्या. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, आणि वीज चालू असताना किंवा मुख्य बटण बंद न करता त्याला कुणीही हात लावू नये, नातवाने तर मुळीच नाही. दुकानात जाताना तिन्ही स्कोअर, खोलीचे तापमान आणि एचडब्ल्यूइन्फोच्या पडद्याचा फोटो सोबत न्या. ‘संगणक स्लो आहे’ असे म्हटले की विंडोज फॉरमॅट करून परत मिळतो. ‘पूर्ण भाराखाली प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन थ्रॉटल होतो, कूलर पुन्हा बसवून द्या’ असे म्हटले की नेमके तेवढेच काम होते. बसवून झाल्यावर तिथेच, आपल्यासमोर, दहा मिनिटांची चाचणी लावायला सांगा.

आता आय५ बद्दल. मेहुण्यांच्या मनात बहुधा कोअर आय५ १२४०० असावा. त्यात ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत, म्हणून सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या कामात तो आपल्या प्रोसेसरपेक्षा सुमारे दीडपट पुढे जातो. परंतु दोन्हींचे कोअर एकाच जातीचे आहेत आणि एका कोअरचा कमाल वेग ४.४ विरुद्ध ४.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम दोन-अडीच टक्के अधिक आहे. हिशेब लिहिणे, मराठी टायपिंग, ब्राउझर, अकरावीच्या पातळीचे प्रोग्रॅमिंग या कामांचा वेग मुख्यतः एक-दोन कोअरवर ठरतो. तिथे आय५ घेऊन आपल्याला फरक जाणवला नसता. आय३, आय५, आय७ ही नावे पिढी पाहिल्याशिवाय काहीच सांगत नाहीत; २०१७ सालच्या आय७ ७७००के मध्येही चारच कोअर आणि आठच थ्रेड होते, आणि आपला आय३ त्याच्या पुढे आहे. कमी बजेटचा प्रोसेसर घेतला म्हणून आपण काही चूक केली, असे मला अजिबात वाटत नाही.

एकाच आकड्यावर संपूर्ण यंत्राची किंमत करू नये, ही जाण मोठ्या यंत्रांच्या जगातही आहे. आपल्याच शहरात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला आणि २०२० च्या नोव्हेंबरात परम सिद्धी-एआय जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आला. ही यादी १९९३ पासून लिनपॅक या एका चाचणीच्या आधारे लावली जाते. पण लिनपॅकमध्ये चमकणारे यंत्र स्मृतीतून सतत माहिती आणावी लागणाऱ्या प्रत्यक्ष कामांत तितके चमकत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याच क्षेत्रातील मंडळींनी एचपीसीजी ही दुसरी चाचणी तिच्या जोडीला आणली. सिनेबेंचच्या बाबतीतही तसेच आहे. ती प्रोसेसरचे गणित तपासते, पण रॅमवर तिचा फारसा भार पडत नाही. म्हणून तिचा स्कोअर उत्तम येऊनही संगणक अडकू शकतो.

आपली दुसरी तक्रार नेमकी इथे बसते. ८ जीबी रॅम आजच्या विंडोज ११ साठी, त्यावर टॅली, पंधरा-वीस टॅब उघडलेला ब्राउझर आणि एखादी व्हिडिओ मीटिंग असताना, कमी पडते. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे प्रोसेसरमधले यूएचडी ७३० ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा उचलते. संगणक अडकेल त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सच्या पानावर दोन आकडे पाहा. प्रोसेसर ३० टक्क्यांवर आणि मेमरी ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर प्रोसेसर मोकळा बसलेला आहे आणि विंडोज रॅममधली माहिती एसएसडीवर नेण्या-आणण्यात गुंतले आहे.

त्याच पानावर रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. एकच स्टिक असली की रॅम एकाच मार्गाने चालते. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती देऊ शकते, तशाच दोन लावल्या तर ५१.२ जीबी. टॅलीला याचा फरक पडणार नाही. नातवाच्या खेळांना आणि ग्राफिक्सच्या कामाला मात्र चांगलाच पडेल. आपल्या बोर्डावर डीडीआर४ आहे की डीडीआर५ हे पत्रात नाही, आणि हा प्रोसेसर दोन्ही चालवतो, म्हणून खरेदीपूर्वी सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर ते पाहून घ्या. एकाची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. शक्यतो आहे त्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक घ्या.

प्रोसेसर पुरेसा आहे का, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातल्या कामांनीच दिले पाहिजे. सूनबाईंच्या सर्वांत मोठ्या दुकानाचा संपूर्ण वर्षाचा अहवाल उघडायला किती सेकंद लागतात, ते मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने मोजा. नातवाचा एखादा प्रोग्रॅम चालू व्हायला लागणारा वेळ लिहा. आपल्या व्हिडिओंपैकी एक ठरावीक, दहा मिनिटांचा व्हिडिओ हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये घेऊन तो नव्या स्वरूपात बदलायला किती मिनिटे लागतात ते पाहा. इथे एक काळजी घ्या. एन्कोडर (व्हिडिओ नव्या स्वरूपात बदलणारा भाग) म्हणून क्विक सिंक निवडले तर काम ग्राफिक्समधले खास सर्किट करते आणि ते झटपट होते. एक्स२६४ निवडले तर सगळा भार कोअरवर पडतो. प्रोसेसरची पारख करायची तर एक्स२६४ लावा. रोजच्या वापरात घाई असेल तेव्हा क्विक सिंक खुशाल वापरा, फक्त जे व्हिडिओ कायमचे जपायचे आहेत ते एक्स२६४ नेच करा, कारण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये त्याचे चित्र सहसा सरस असते. ही सगळी मोजमापे कूलर बसवण्यापूर्वी एकदा, कूलर बसवल्यावर एकदा आणि रॅम वाढवल्यावर एकदा करा. दोन्ही बदल एकाच दिवशी केले तर कशाने काय सुधारले ते कळणार नाही.

कूलर नीट बसवल्यावर एप्रिलच्या दुपारीही स्कोअर आठ हजारांच्या आसपास यायला हवा. तो आला तर प्रोसेसरवर आणखी पैसे घालू नका. कूलर पुन्हा बसवून, बायोसमधली विजेची मर्यादा तपासूनही तो सहा-साडेसहा हजारांवरच राहिला, किंवा इंटेलच्या टूलने फेल असे सांगितले, तर मात्र वॉरंटीचा मार्ग धरा. खोकाबंद प्रोसेसरवर इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर असेल तर जबाबदारी विक्रेत्याची राहते. आपल्याला कूलर प्रोसेसरच्या खोक्यातच मिळाला, म्हणजे प्रोसेसर खोकाबंद असणार. तो खोका टाकून देऊ नका. त्यावरचे बॅच आणि सिरियल क्रमांक दाव्यासाठी विचारले जातात, आणि दुकानात कूलर उचलला जाईल तेव्हा प्रोसेसरच्या झाकणावरचा बॅच क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हेही त्याच वेळी पाहून त्याचा फोटो काढून ठेवा.